सहा डोळ्यांचं भांडं

माझ्या धाकट्या जावेचा हात चांगला आहे, हे मी आजवर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता कुणी तसं म्हणायला लागलं की गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून मी आत जाते. गॅसवर दूध नसतं. मी ओट्यापाशी उभी राहते आणि त्या माणसाला मनातल्या मनात चार शब्द सुनावते.

आमचं घर ओताऱ्यांचं. नाशिकच्या भांडी बाजारामागच्या एका गल्लीत पुढे राहतं घर आणि मागे कारखाना. कारखाना म्हणायचं म्हणून, एरवी एक पत्र्याची शेड, भट्टी आणि धुरानं काळी झालेली भिंत. देवांचे मुखवटे, समया, घंटा असं काशापितळेचं ओतकाम तिथे चालतं. माझे यजमान त्यात नाहीत. ते सातपूरला एका कंपनीत फिटर आहेत, शिफ्टला जातात आणि आल्यावर झोपतात. कारखाना सासरे आणि धाकटे दीर बघतात, आणि आम्ही दोघी जावा. धाकटी मेणात काम करते, मी मातीत.

यातला फरक सांगायला हवा. जे काही काशाचं किंवा पितळेचं व्हायचं असतं ते आमच्याकडे आधी मेणात घडवतात. त्या मेणावर मातीचे थर चढवतात, वाळवतात, भाजतात. मेण वितळून वाहून जातं आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेल्या धातूचा रस ओततात. निवलं की माती फोडून टाकायची. म्हणजे समईवरचा मोर, घंटेवरचा नंदी, सगळी वेलबुट्टी मेणातली, आणि बघणारे बघतात ते तेवढंच. माझी माती वारुळाची, वस्त्रगाळ केलेली, शेण आणि भाताचा भुसा घालून दोन दोन दिवस तिंबलेली. ती हातोडीनं फोडून कोपऱ्यात ढकलतात. हे कुणी लिंपलं, असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण तिचं मीठ निदान कुणीतरी चाखतं तरी.

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता. माझं माहेर ओझरचं, वडील विमानाच्या कारखान्यात, घरात असल्या कामाचा गंध नाही. सासरे म्हणाले, "मातीचं, मेणाचं कधी काय घडवलंस का? बाहुल्या, चित्रं, असलं काय?" मी शरमेनं मान खाली घालून म्हणाले, "नाही, मला त्यातलं काहीच येत नाही." त्यांनी "बरं" म्हटलं आणि चार दिवसांनी पसंती कळवली. धाकटीच्या वेळी मात्र तिनं खडूत कोरलेला गणपती सगळ्यांच्या हातातून फिरला. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

आता डोळ्यांचं सांगते, कारण मला हवे होते ते डोळेच. आमच्याकडे मुखवटा ओतून, घासून, लख्ख करून झाला तरी त्याला डोळे नसतात. पापण्यांच्या आतली जागा कोरी, गुळगुळीत सोडलेली असते. ज्यांचा देव ते लोक न्यायला येतात त्या दिवशी सासरे सकाळपासून उपाशी राहतात. देवासमोर कुणाला तरी आरसा धरायला लावतात, देवाची पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून. मग ते बाजूला बसून बारीक टाकीनं बुबुळं कोरतात. तोवर ती एक धातूची वस्तू असते. नंतर न्यायला आलेली माणसं, त्यातले काही सासऱ्यांपेक्षाही म्हातारे, आधी देवाच्या पाया पडतात आणि मग सासऱ्यांच्या. मी दारात उभी राहून हे बघत आले आहे.

डोळे उघडणारा हात घरात एका वेळी एकच असतो. सासऱ्यांच्या आधी तो मान त्यांच्या आईचा होता, म्हणजे बाईचा हात चालतो. सासऱ्यांचा हात अलीकडे कापायला लागला होता, मोतीबिंदूही पिकत आला होता. आता हा मान पुढे द्यावा लागणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दीर भट्टीचे, त्यांचा हात जड. यजमानांचा प्रश्नच नव्हता. उरलो आम्ही दोघी. नात्यानं थोरली मी, पण हात तिचा चांगला. मला तो मान हवा होता. एकदा तरी कुणीतरी माझ्या हाताकडे बघावं, एवढंच त्यामागे होतं, आणि ते मी कुणाजवळ बोलूही शकत नव्हते.

अशात ते गिऱ्हाईक आलं. द्राक्षं परदेशी पाठवणारा माणूस, नवा बंगला बांधलेला. कामानिमित्त चीनला गेला होता, तिथल्या एका संग्रहालयात शिरला आणि तिथून निघाला तो वेडा होऊनच. बगलेत जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, नुसत्या भांड्यांच्या फोटोंचं. त्यातलं एक पान उघडून त्यानं सासऱ्यांसमोर ठेवलं. "मला हे करून द्या. काशाचंच हवं. जुनं दिसावं म्हणून हिरवा रंग फासू नका. हे नवं होतं तेव्हा सोन्यासारखं पिवळं होतं, जमिनीत गाडलं गेल्यावर हिरवं झालं."

तीन पायांवर उभं असलेलं गोल पोटाचं भांडं होतं ते, वर दोन उभे कान. त्याला दिंग म्हणतात. तीन हजार वर्षांपूर्वी तिकडे शांग नावाच्या राजांचं राज्य होतं, तेव्हाचं. पण भांड्याकडे लक्ष जाण्याआधी त्या चेहऱ्याकडे जात होतं. भांड्याच्या पोटावर तीन बाजूंना तीन चेहरे, शिंगं असलेले, पंजे असलेले, वरचा जबडा आहे आणि खालचा नाहीच. मधोमध एक उभी धार, तीच नाक. एक अर्धा चेहरा हातानं झाकला तर उरलेला अर्धा म्हणजे बाजूनं दिसणारा एक सरपटता प्राणी, शेपूट वर वळवलेला. हात काढला की दोन प्राणी नाकाला नाक लावून उभे आणि त्यांचा मिळून पुन्हा एक चेहरा. राहिलेल्या जागेत चौकोनी भोवरे कोरलेले, एकात एक, बोट टेकवायला जागा नाही. आणि डोळे मात्र साधे. पिकल्या बोरासारखे बाहेर आलेले, बाकीची सगळी नक्षी मागे सोडून थेट तुमच्याकडे बघणारे.

सासऱ्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "कोण म्हणायचं हे?"

"ते कुणालाच माहीत नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "पुढच्या काळातल्या लोकांनी याला ताओत्ये असं नाव दिलं, म्हणजे खादाड राक्षस. पण ज्यांनी घडवलं त्यांनी नाव लिहून ठेवलेलं नाही. भांड्याच्या आत दोन अक्षरं असतात, ती कुठल्या पूर्वजासाठी केलं त्याची."

"त्यांना ठाऊक असंल. जे सगळ्यांना ठाऊक असतंय ते कोण लिहीत बसतंय?" सासरे म्हणाले. "आणि वापर काय याचा?"

"पूर्वजांना नैवेद्य दाखवायचे यात."

"मग पितरांचं भांडं हाय," असं म्हणून सासऱ्यांनी पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. काम अर्थातच धाकटीकडे गेलं.

तिनं ते कसं केलं हे सांगताना आजही माझे दात आपोआप आवळले जातात. मेणाच्या शेवयांसारख्या तारा काढायची आणि त्या चौकोनी वळवून एकेक भोवरा बसवायची. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. दिरांनी फोनवर व्हिडिओ काढला, तो कुठे कुठे गेला, आणि नात्यातल्या कोण कोण बायकांचे तिला फोन आले. मी शेजारी पाटीत माती तिंबत असायची. एकीनं तर मला सांगितलं, "तुमची जाऊ म्हणजे सोन्याच्या हाताची हो." मी म्हटलं, "हो, आणि भांडी घासायला तेच हात नाजूक होतात." बाई हसली. मी हसले नाही.

दुपारी धाकटी झोपली की पुस्तक रिकामं असायचं. मी ते स्वयंपाकघरात न्यायची. इंग्रजी मला अडखळत येतं, पण हल्ली फोन पानावर धरला की मोडकंतोडकं मराठी दिसतं. फोटोंच्या मागे बरीच पानं मजकुराची होती, ती गिऱ्हाइकानं उलटली नसावीत, कारण पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यात ही भांडी कशी करायचे ते लिहिलं होतं, आणि त्यात मेण नव्हतंच.

सगळं काम मातीत होतं. आधी मातीचं भांडं घडवायचे, चेहऱ्यासकट. त्यावर ओल्या मातीचे जाड थर दाबून ठसा घ्यायचे आणि वाळत आले की उभे काप देऊन तुकडे सोडवायचे. बारीक नक्षी त्या तुकड्यांच्या आतल्या अंगानं उलटी कोरायचे. मग मधलं मातीचं भांडं सगळीकडून थोडं तासायचे, म्हणजे झाला गाभा. तुकडे पुन्हा त्याच्याभोवती जुळवले की मधे राहते तेवढीच पोकळी, आणि तिच्यात रस. तुकडे जुळतात तिथे रस झिरपून धार उठते. आमच्याकडे साचा तडकून अशी धार आली तर ती कानशीनं घासून टाकतो आणि झाली चूक झाकली म्हणतो. त्या लोकांनी ती धार मुद्दाम जाड केली, तिला दाते पाडले आणि चेहऱ्याच्या मधोमध नाक म्हणून मिरवली. मी ते वाक्य परत परत वाचलं. तीन हजार वर्षांपूर्वी मातीत हात घालून बसलेल्या त्या माणसांचा मला इतका हेवा वाटला की पुस्तक मिटून मी भाकऱ्या थापायला घेतल्या आणि पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. त्यांची माती कुणी कोपऱ्यात ढकलली नव्हती. राजाच्या पूर्वजांचं जेवण माती करणाऱ्यांच्या भरवशावर होतं.

धाकटीचं भांडं ओतलं, घासलं आणि गिऱ्हाईक बघायला आलं. भांडं पिवळंधम्मक चमकत होतं. त्यानं ते उचललं, फिरवलं, तिन्ही बाजूंनी बघितलं, आणि म्हणाला, "याचे डोळे कुठे आहेत?"

तिन्ही चेहरे आंधळे होते. शिंगं होती, पंजे होते, भोवरे तर असे की पुस्तकातले झक मारतील, आणि डोळ्यांच्या जागी सहा गुळगुळीत खळगे. धाकटी सासऱ्यांकडे बघत शांतपणे म्हणाली, "मामांनी सांगितलं तसं सोडलंय." सासरे म्हणाले, "देवाचं, पितरांचं तोंड हाय ते. तुम्ही घरी न्याल त्या दिवशी मी येतो, उपास धरून, आणि उघडतो."

गिऱ्हाइकानं पुस्तक उघडलं. मग त्यानं पुस्तकातला तो डोळा दाखवला. आमच्या मुखवट्यांची बुबुळं कोरून आत घेतलेली असतात, टाकीचं काम. हा डोळा बाहेर आलेला. टाकी धातू काढू शकते, वाढवू शकत नाही. सासऱ्यांच्या हे आधी लक्षात आलं नव्हतं. डोळ्यांपुढे मोतीबिंदूचा पडदा, फोटोतला उठाव त्यांना दिसलाच नसेल. दीर म्हणाले डाग देऊन डोळे चिकटवता येतील. सासरे कडाडले, "चिकटवतोस? पितरांना चष्मा लावतोस का?"

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. गोड शिरा खाल्ल्यासारखा आनंद झाला. मी तोंडावर पदर घेऊन आत गेले, आणि या खेपेला खरोखरच गॅसवर काहीतरी ठेवायचं होतं, चहा, सगळ्यांसाठी.

गिऱ्हाईक माणूस चांगला. म्हणाला, दुसरं करा, मी थांबतो. धाकटी म्हणाली की या भांड्यासाठी ती पुन्हा मेणाला हात लावणार नाही. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मी करते. मातीत. त्यांनी केलं तसं." सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तोंडावर आली होती. ते म्हणाले, "करून बघ माती. डोळ्यांचं मी आल्यावर बघू." ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी धूर आणि धूळ वर्ज्य सांगितली म्हणून ते सिन्नरला नणंदेकडे राहायला गेले, आणि शेडमध्ये पहिल्यांदाच मला विचारणारं कुणी उरलं नाही.

पहिले दोन साचे मी नुसती माती बघायला, डोळ्यांशिवायच केले; पहिला भाजताना तडकला. दुसऱ्याचे तुकडे आकसले आणि जुळेनात. मी भुसा कमी केला, माती आणखी गाळली, सावलीत वाळवली. भोवरे उलटे कोरायला मी रोज सकाळी यजमान पहिल्या शिफ्टला गेले की बसायची. माझे भोवरे धाकटीइतके सारखे आले नाहीत, हे मीच सांगते, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. पण मातीत कोरताना एक लक्षात आलं. मेणावर आपण नक्षी वरून चढवतो. इथे मी पोकळ जागा कोरत होते आणि ती जागाच पुढे भांडं होणार होती. माझ्या हाताला ते असं कळत होतं जसं पिठाला पाणी किती लागेल ते कळतं.

पण त्याही आधी, तिसऱ्या साच्याचं मूळ भांडं घडवताना, डोळे मी शेवटी ठेवले होते. ते ठसा घेण्याआधीच लावायला हवेत, म्हणजे ठशात त्यांचा खळगा उठेल. सासऱ्यांचं वाक्य माझ्या ध्यानात होतं. सिन्नर काही लांब नाही, बसनं तासाभरावर. पण माती वाळत होती, आणि थांबले असते तर तिसरा साचाही गेला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला थांबायचंच नव्हतं. मी धाकटीला विचारलं, "काय गं, डोळे लावू की मामांना फोन करू?"

ती चहा घेऊन आली होती. कप हातात धरून उभीच राहिली. माझ्या तळहातावर तेव्हा मातीची एक गोळी होती, वळून झालेली. ती त्या गोळीकडे बघत होती. मग म्हणाली, "लावा ना ताई. तुमचंच काम आहे." कप माझ्याजवळ ठेवून ती गेली. मला वाटलं, हरली. मी सहा गोळ्या वळल्या, ओल्या बोटानं बसवल्या, आणि प्रत्येकीच्या मधे आडवी बारीक चीर दिली, पुस्तकात होती तशी.

रस दिरांनी ओतला, साचा पालथा ठेवून पायांतून. माती मी फोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आधी एक पाय सुटला, मग शिंग, मग एक ढेकूळ पडलं आणि आतून तो डोळा माझ्याकडे बघत होता. समोर आरसा वगैरे कुठला. त्याची पहिली नजर माझ्यावरच पडली, आणि मला ती हवी होती. एका कानाला बारीक भोक राहिलं होतं, उभी धार थोडी वाकडी होती. तरी गिऱ्हाइकानं ते हातात घेतलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" दीर म्हणाले, "वहिनींनी." मी धाकटीकडे बघितलं. ती फडक्यानं टेबल पुसत होती, स्वच्छ टेबल.

सासरे सिन्नरहून परत आले ते काळा चष्मा लावून. गिऱ्हाइकाला भांडं दोन दिवसांनी न्यायचं होतं, म्हणून ते अजून शेडमध्येच होतं. सासरे आत आले, चष्मा काढला. त्यांना आता सगळं लख्ख दिसत होतं, ते रस्त्यानं तेच सांगत आले होते, झाडाची पानं दिसतात, पाट्या वाचता येतात. भांड्यासमोर येऊन ते वाकले. भोवरे बघितले, धारेवरून नख फिरवलं. माती कुठली घेतली ते विचारलं. मग बोट डोळ्यावर ठेवलं.

"हे कोणी केले?"

"मी," मी म्हणाले. माझा आवाज नवरीसारखा झाला होता, ते मला तेव्हाच ऐकू आलं.

"तू वळले? तुझ्या हातानं?"

"हो, मामा."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "देवाचे डोळे जो उघडतो ना, त्या हातानं त्याच्या आधी डोळा घडवलेला नसावा. कसलाच नाय. चिमणीचासुद्धा नाय. त्या हाताचा पहिला डोळा देवाचाच पायजे. माझ्या आजीनं आईचा हात असा राखला, आईनं माझा. पोरांचे मला राखता आले नाय, दोघांनी लहानपणी मेणाचे घोडे केले. धाकटीनं तर येतानाच गणपती आणला. म्हणून तुला मातीत ठेवली. मातीला तोंड नसतं." त्यांनी माझा हात धरून उलटा केला, तळव्याकडे बघितलं आणि सोडून दिला. "सांगायचं नसतंय आधी. सांगितलं की हात फुगतो. या नवरात्रात तुझ्याकडं द्यायचं होतं."

 मला पोळ्याचे बैल आठवले. दर पोळ्याला मी मातीचे बैल करायची आणि सासूबाई, होत्या तोवर, ते माझ्या हातातून ओढून घेऊन ज्वारीचे डोळे स्वतः बसवायच्या. मी दर वर्षी रुसायची. मला वाटायचं, एवढंही मला करू देत नाहीत.

संध्याकाळी यजमान आले तेव्हा मी त्यांना जेवायला वाढलं नाही. आधी विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का. ते बूट काढता काढता म्हणाले, "हो. तुला बघायला आलो तेव्हा बाबांनी म्हणूनच तर विचारलं होतं. मला वाटलं तुला माहीत आहे." इतकी वर्षं एका घरात राहून हा माणूस असं बोलतो. मी म्हटलं, "आणि धाकट्या भावजींना?" "त्यालाही असणार." म्हणजे त्याच्या बायकोलाही असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझं झालं होतं, आणि शेजारी उभं राहून कुणीतरी ते होऊ दिलं होतं.

नवरात्राच्या आधी दिंडोरीकडच्या एका गावाचे लोक देवीचा मुखवटा न्यायला आले. सासऱ्यांनी उपास केला, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि देवीचे डोळे उघडले. चांगलं दिसायला लागलं होतं त्यांना, हात मात्र कापतच होता. एक बुबुळ किंचित बाहेर गेलं. गावकऱ्यांना ते दिसलं की नाही कोण जाणे, ते पाया पडले आणि टेम्पोत देवी ठेवून गुलाल उधळत गेले. आता आमच्या घरात तो हात नाही. सासरे आहेत तोवर ते करतील, त्यानंतर कुठे न्यायचं ते लोकच ठरवतील. द्राक्षवाल्यानं आणखी दोन भांडी सांगितली आहेत, त्याच्या मित्रांसाठी. ती माझ्याकडे आहेत.

लोक गेल्यावर मी शेडमध्ये माती चाळायला बसले आणि धाकटी मेण कढवत होती. आमच्या दोघींखेरीज कुणी नव्हतं. मी चाळणी ठेवली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली असती तर मी तिच्या झिंज्याच धरल्या असत्या. ती म्हणाली, "होतं. लग्न झालं त्याच वर्षी यांनी सांगितलं."

"आणि मला म्हणालीस, लावा ना ताई."

"हो."

"का गं? तुझं काय कमी होतं? गावभर कौतुक तुझं."

तिनं शेगडी बंद केली. तिचा चेहरा लाल झाला होता, आचेनं की कशानं ते कळत नव्हतं. "मी दिवसभर इथे बसून मेणाचे मोर करायची, ताई. मामा यायचे, म्हणायचे, छान झालेत. आणि मग तुमच्या पाटीपाशी जाऊन उभे राहायचे. तुम्ही माती तिंबत असायच्या, तुमचं वर लक्षही नसायचं. ते तुमच्या हातांकडे बघायचे, किती वेळ. माझ्याकडे एकदाही असं बघितलं नाही. त्या दिवशी मी चहा घेऊन सांगायलाच आले होते की थांबा. तुमच्या हातात ती गोळी बघितली आणि नाही सांगितलं."

मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही, मरताना मी तो बरोबर नेईन. तरीही मी तिच्याजवळ सरकले. चाळणीतली माती मांडीवर सांडली, तिकडे मी बघितलं नाही.

"परत सांग," मी म्हटलं. "कसे बघायचे?"